येतानाची नावं

सोमवार, ४ फेब्रुवारी

साहेबांनी आज किनाऱ्याचा तक्ता माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, समुद्र तुमच्या घरातच राहायला आलाय, मग हे काम दुसऱ्या कोणाला कशाला देऊ. समुद्र म्हणजे बाबा, माझे सासरे. उभा जन्म त्यांनी त्या किनाऱ्यावर मालाची लाँच चालवली. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि नवरा त्यांना इकडे, डोंगराच्या या बाजूला, शहरात घेऊन आला. बंदरावरच्या घराला कुलूप आहे. किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते. सदरा धुवायला टाकला की ती दुसऱ्या सदऱ्यात जाते.

मी नकाशा-कार्यालयात, नावांच्या विभागात. जमीन मोजणारे वेगळे, रेषा काढणारे वेगळे. टेकडीला, ओढ्याला, समुद्रात घुसलेल्या टोकाला काय म्हणायचं, अक्षरं केवढी ठेवायची आणि नदीबरोबर ती कशी वळवायची, एवढं माझं काम. किनारपट्टीच्या प्रांताचा नवा नकाशा मार्चच्या मध्यावर छपाईला जायचाय. अडचण एकच आहे, पण चांगली हत्तीएवढी. जुन्या नकाशात दोन बंदरांच्या मध्ये चौदा टोकं आहेत आणि विमानातून घेतलेल्या फोटोंत नऊ. साहेब म्हणाले, पाच टोकं समुद्राने खाल्ली असती तर निदान ढेकर तरी ऐकू आला असता.

घरी यायला उशीर झाला. बस कोपऱ्यावर वळली तेव्हा बाबा नेहमीसारखे गॅलरीत उभे. समुद्र त्याच बाजूला आहे, दिसत नाही एवढंच. वर येईपर्यंत चहाचं आधण उकळत होतं. बाबांना पाच मिनिटं दम निघत नाही. मला आधी हातपाय धुवायचे असतात आणि इथे कप भरून तयार. बरं, एवढी तल्लफ असते म्हणावं, तर स्वतः अर्धाच घेतात.

बुधवार, ६ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर बाबांसमोर फोटो पसरले. मला वाटलं होतं, खूष होतील. त्यांनी चष्मा पुसला, बंदरावर बोट ठेवलं आणि तिथून वर सरकत एकेक नाव सांगायला लागले. पहिलं घोगरं, कारण तिथे लाटेचा आवाज बसलेल्या घशासारखा येतो. दुसऱ्याला जरा चाचरले. मग म्हणाले, "सासू. लांबून शांत दिसते, जवळ गेलं की ओढून घेते." मी लिहून घेतलं आणि म्हटलं, माझी तशी नव्हती. ते म्हणाले, "तुला जवळून कुठे लाभली." हे खरं आहे. सासूबाई तिकडे, मी इकडे, सुट्टीपुरती गाठ.

पुढचं बहिरं, म्हणजे तिथून मारलेली हाक बंदरात ऐकू येत नाही. त्याच्या पुढचं पाठमोरं, म्हणजे ते ओलांडलं की गाव दिसेनासं होतं. काम भराभर होत होतं. मग मी जुना नकाशा उघडला आणि विचारलं, यात 'पाणी तापव' नावाचं एक टोक आहे, ते कुठलं?

बाबांनी चष्मा काढून त्याची घडी केली. "ते इथे बसून नाही सांगत," म्हणाले आणि गॅलरीत गेले.

लेक, चिमणी, तिथेच अभ्यास करत होती. ती म्हणाली, आजोबांना तू काय बोललीस? मी काहीच बोलले नव्हते. माझ्याशी त्यांचं असंच होतं. चिमणीला ते तासन्‌तास गोष्टी सांगतात. मी शेजारी जाऊन बसले की गोष्ट संपते आणि ते पाय आवरून मला जागा करून देतात.

सोमवार, ११ फेब्रुवारी

आज कोडं सुटलं. आनंदाने दुपारचा डबा विसरले.

जुन्या नकाशातली जास्तीची नावं सगळी एकाच तऱ्हेची आहेत: पाणी तापव, हाक मार, कडी काढ, दिसलो का, अशी. साहेबांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, ही भूशिरांची नावं आहेत की कोणी घरी हुकूम सोडतोय? त्यांनी थट्टा केली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मागची पाहणी करणारी मंडळी सकाळी बोटीने वर गेली आणि दुपारी त्याच वाटेने परत आली. दोन्ही वेळा त्यांनी नावाड्याला विचारलं, हे टोक कुठलं? त्याने दोन्ही वेळा खरं उत्तर दिलं. जाताना एक नाव, येताना दुसरं. यांनी मानलं की टोकंच दोन आहेत, आणि मागेपुढे जागा पाहून बसवून टाकली.

बाबांना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "मग? जाणारा माणूस आणि येणारा माणूस एकच असतो का?"

आज मात्र थोडं बोलले. जातानाची नावं म्हणजे सावधगिरीच्या सूचना, ती कुठेही बोलावीत. येतानाची नावं बोटीचं तोंड घराकडे वळल्यावरच तोंडातून काढायची. बाहेर जाताना घरचं नाव घेतलं की हात सुकाणूवर ढिला पडतो, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जमिनीवर बसून तर कोणी घेतच नाही. मी म्हटलं, बाबा, ही नुसती नावं आहेत, मला नकाशावर जागा नक्की करायच्या आहेत. ते म्हणाले, "मग तिथे जाऊन कर."

रागावले नव्हते. उलट आवाज मऊ होता. पण पटत नसेल तर माणूस मऊही बोलतो.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

साहेबांनी बोटीची परवानगी दिली. मार्चच्या पहिल्या शनिवारी जायचं, रविवारी समुद्रावर, सोमवारी परत. नवरा गाडी चालवेल. चिमणी परीक्षेमुळे इथेच, तिच्या मैत्रिणीची आई झोपायला येईल.

बाबांना विचारलं, याल का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले. एवढ्या पटकन त्यांनी या घरात कशालाही हो म्हटलेलं नाही. जेवायला वाढतानासुद्धा 'बघू' म्हणतात.

संध्याकाळी पाहिलं तर पलंगावर मोठी बॅग उघडी. स्वेटर, दुसरा चष्मा, औषधांचा डबा, सासूबाईंचा फोटो. तीन दिवसांसाठी फोटो कशाला? नवऱ्याला दाखवलं. तो दारातूनच म्हणाला, "बाबा परत यायचे नाहीत."

मी खरं तेच लिहिते, ही वही कोणी वाचत नाही. पहिला विचार आला तो असा, की चिमणीला तिची खोली परत मिळेल. दुसरा विचार आला, गुडघा असा, एका डोळ्याने अंधुक दिसतं, तिथे एकटे कसे राहतील. तिसरा विचार येतच नव्हता. मी उठून त्यांचे सदरे इस्त्री करायला घेतले. सगळे करून झाले तरी तो आला नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

नकाशाच्या कोपऱ्यात प्रांताच्या नावाविषयी चार ओळी लिहायच्या आहेत. सोप्या वाटल्या होत्या. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाबली गेलेली ही एक लांब चिंधी. प्रत्येक खाडीने तिला फाडलंय. एका खाडीच्या या तीरावरचा माणूस त्या तीरावर जायला निघाला, तर रस्त्याने अर्धा दिवस आणि होडीने एक विडी ओढून होईपर्यंत. डोंगरावरचे लोक या भागाला 'खाल' म्हणायचे, कारण त्यांना तो वरून दिसायचा. समुद्रावरून आलेले व्यापारी 'काठ' म्हणायचे. सरकारने दोन्ही टाकून 'तटप्रांत' केलं, ते फक्त पाट्यांवर राहतं. प्रश्न असा, की तिथले लोक स्वतः काय म्हणतात? जुने कागद चाळून थकले. खाडीखाडीची नावं सापडतात, पूर्ण भागाला नाव नाही.

बाबांना विचारलं. म्हणाले, "आम्ही काही म्हणत नाही. आतला माणूस घराला घरच म्हणतो. नाव बाहेरचा ठेवतो."

हे मी जसंच्या तसं लिहिलं. साहेबांनी 'माणूस' खोडून 'रहिवासी' केलं. मी परत 'माणूस' केलं. बघू कोण आधी थकतं.

आज माझ्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवलेली सापडली, सुरीने, लांब आणि सरळ. चिमणीला विचारलं, तू केलंस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

नवऱ्याला म्हटलं, सरळ विचार ना बाबांना, की तिकडेच राहायचंय का. तो म्हणाला, मी विचारलं आणि ते हो म्हणाले तर काय करू? आणि माझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणाले, तर ते जन्मभर मन मारून राहतील. तूच विचार, म्हणाला. मी कशी विचारू? मी सून. मी विचारलं तर 'कधी जाताय' असं ऐकू येईल.

तरीही संध्याकाळी चहा पिताना धीर केला. म्हणायचं होतं एक आणि तोंडातून निघालं दुसरंच. म्हटलं, "तिकडे गेल्यावर तुम्हाला बरं वाटेल, नाही का?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुमची अडचण होते, ते मला दिसतं."

मी म्हटलं, अडचण कसली. पण ते अशा आवाजात म्हटलं गेलं, की माझं मलाच पटलं नाही. या घरात सगळे दुसऱ्याच्या मनातलं ओळखून वागतात आणि सगळ्यांचं चुकतं.

शनिवार, २ मार्च. बंदर

दुपारी पोचलो. कुलूप गंजलं होतं, पण किल्ली बाबांच्या हातात एका वळणात फिरली. घर म्हणजे दोन खोल्या, मागे नळ, पुढे दगडी ओटा. ओट्यावर बसलं की सगळं बंदर दिसतं. भिंतीवर चुन्याला मिठाचा फुलोरा आलाय. बाबांनी खिडक्या उघडल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं, गाद्या उन्हात घातल्या. गुडघा कुठे गेला होता कोण जाणे. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत झाडू मारत होतो.

उद्याची बोट ठरवलीय, तिची मालकीण आली. पन्नाशीची, उन्हाने करपलेली, बोलायला फटकळ. तिला सगळे बोटवालीच म्हणतात. ओट्यावर चढायच्या आधीच म्हणाली, "काका, शहराने पोट सुटलं की तुमचं. बोट एका बाजूला कलेल उद्या." बाबा म्हणाले, तुझी बोट कलायला माझी गरज नाही, तू आहेस. दोघंही हसले. आमच्याकडे बाबांना असं हसताना मी पाहिलेलं नाही.

मग बाबांनी तिला आत नेलं. मागचा नळ कसा अर्धा फिरवून थांबवायचा, माळ्यावरची कुठली फळी हलते, पश्चिमेची खिडकी वाऱ्याच्या दिवसांत दोरीने का बांधायची, सगळं दाखवलं. तिला का दाखवत होते ते मला कळलं नाही. एकटे राहणार तर शेजारी कोणाला तरी माहीत असावं, एवढ्यासाठी असेल. म्हणजे ठरलेलंच आहे. नवऱ्याने ते ऐकलं आणि उगाच समुद्राकडे फिरायला निघून गेला.

सासूबाईंचा फोटो अजून बॅगेतच आहे. भिंतीवरचा खिळा मात्र रिकामा आहे. मी विचारलं, लावून देऊ का? म्हणाले, "राहू दे, आता कशाला."

रविवार, ३ मार्च. बंदर

आजचं सगळं नीट लिहायला हवं, कारण एका गोष्टीचा मला अजून अर्थ लागत नाहीये.

सकाळी निघालो. सुकाणूवर बोटवाली, पुढे बाबा, मध्ये मी कागद मांडीवर घेऊन, आणि नवरा कडेला, हिरवागार चेहरा करून. लाँचवाल्याच्या मुलाला बोट लागते, हे बोटवालीने सगळ्या बंदराला ओरडून सांगितलं. बाबा एकेक टोक आलं की हात वर करून नाव सांगत. घोगरं. सासू. बहिरं. पाठमोरं. मी फोटोवर खूण करत गेले. एके ठिकाणी बोटवालीने त्यांना अडवलं, म्हणाली, काका, लंगडं हे नाही, पुढचं. बाबांनी हुज्जत घातली. पुढचं टोक आलं तेव्हा त्याचा एक पाय खरंच आखूड होता. बाबा म्हणाले, पूर्वी नव्हता. ती म्हणाली, हो, काल रात्रीच मोडला.

तिचं माहेर वरच्या बंदरातलं, सासर या बंदरातलं. तिकडची नावं वेगळी, आणि इथून तिकडे जाताना जी टोकं लागतात ती तिच्या माहेरच्यांना घरी येतानाची. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता? तिने सांगितलं ते इथे उतरवते, कामाचं आहे. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर बोटीवर जाई. माहेराकडे निघालं की तिच्या तोंडून आपोआप घरची नावं यायची आणि सासरी परतताना बाहेरची. नवरा चिडवायचा, सासू काही बोलायची नाही. शिकवून ती नावं बदलत नाहीत, असं म्हणाली. "एक दिवस परत येताना माझं मलाच कळलं नाही, मी पाणी तापव म्हणून बसले. नवऱ्याने घरी जाऊन सासूला सांगितलं. त्या दिवसापासून सासूने मला ताट वाढून देणं बंद केलं. म्हणाली, हाताने घे."

मी नोंद केली: नाव बोलणाऱ्याच्या घरावर अवलंबून. नकाशासाठी जवळच्या बंदराची नावं धरायची, हा आमचा नियमच आहे, तेव्हा अडचण नाही.

दुपारी बोट वळवली. वारा पाठीवर आला. मी कागद पालटला, नवी पेन्सिल घेतली. याच्यासाठीच तर एवढा आटापिटा. पाठमोरं जवळ आलं. तीच पाठ आता तोंड झालेली, आणि पलीकडे गावाची घरं पांढऱ्या दाण्यांसारखी. मी म्हटलं, बाबा, हे?

"पाठमोरं."

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. म्हटलं, हो, पण येतानाचं? ते समोर बघत होते. पुढचं आलं. म्हणाले, "बहिरं." मग "सासू." सकाळच्याच आवाजात, तसाच हात वर करून. मी जरा चिडले. इथे येऊन कर म्हणाले, म्हणून सरकारी खर्चाने बोट केली, नवऱ्याचे असे हाल, आणि आता हे सकाळचंच. मी थोड्या चढ्या आवाजात म्हटलं, "बाबा, आपण परत चाललोय. घरी."

ते मागे वळले. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आज नाही, उद्या."

बोटवालीने इंजीन मंद केलं. मग तिनेच एकेक नाव सांगितलं. पाठमोरं ते दिसलो का. बहिरं ते हाक मार, कारण दुपारनंतर वारा गावाकडे फिरतो आणि तिथून मारलेली हाक थेट धक्क्यावर पडते. सासू ते पाणी तापव. बोट तिथे दिसली की घरचं माणूस अंघोळीचं पाणी चुलीवर ठेवतं, ते तापेतो बोट लागते. घोगरं ते कडी काढ. मी हळूच विचारलं, काकांच्या लक्षात राहत नाहीये का? ती म्हणाली, "तुम्ही माझं लिहून घ्या. त्यांचंही बरोबर आहे."

दोन्ही बरोबर कसं असेल? जाण्याची नावं येताना घेतली, हे सरळ चुकलंच की. ते दमले असतील. की वयानुसार आता असं व्हायला लागलं? आणि अशा माणसाला आम्ही इथे एकटं सोडून जाणार आहोत. नवऱ्याशी बोलायला हवं, पण तो आल्यापासून आडवा आहे.

सोमवार, ४ मार्च. घरी

सकाळी ओट्यावर बाबांना सगळी नावं वाचून दाखवली. नऊ टोकं, अठरा नावं, एकही टोक जास्तीचं नाही. म्हटलं, समुद्राच्या बाजूला जातानाचं नाव छापता येईल आणि जमिनीच्या बाजूला बारीक अक्षरांत येतानाचं. मला ही कल्पना फार आवडली होती. अशी सोय आमच्या कोणत्याच नकाशात नाही.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "छान आहे. पण ती बारीक नको छापू. छापलेलं नाव कोणीही कुठेही बसून वाचतो. ज्याला घरी यायचं नाही तोही."

मी वाद घालणार होते. आमचं काम नावं वाचवायचं, लपवायचं नाही. पण हेही खरं, की मागच्या वेळी छापली तेव्हा ती हरवलीच होती, नऊ टोकांची चौदा झाली होती. मी बारीक नावांवरून रेघ ओढली. साहेबांना एवढंच सांगेन, की टोकं नऊ आहेत.

तेवढ्यात बोटवाली आली, बरोबर तिचा थोरला आणि त्याची नवी बायको. त्या दोघांकडे गाठोडी होती. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि त्या मुलीच्या हातात दिली. पश्चिमेच्या खिडकीचं तिला पुन्हा एकदा सांगितलं. बोटवाली म्हणाली, भाडं द्यायचं तर घेत नाहीत, मग मासळी पाठवू म्हटलं तर म्हणतात सुनेला वास सोसत नाही. मी म्हटलं, असं मी कधी म्हटलं? बाबा म्हणाले, "म्हणाली नाहीस. खिडकी उघडतेस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅग उचलायला आत गेला होता, ती मोठी, आणि तिच्यासह दारात थांबला होता. शेवटी त्यानेच विचारलं, "बाबा, ही गाडीत ठेवायची का?" बाबा म्हणाले, "मग काय डोक्यावर घेऊन चालू?"

एवढंच बोलणं झालं. पंधरा-वीस दिवस ज्याला तोंड फुटत नव्हतं ते एवढ्यात संपलं. स्वेटर, औषधं, फोटो घेऊन का आले होते, ते मी गाडीत विचारलं. म्हणाले, एकदा बघायचं होतं कुठे ठेवावेसे वाटतात ते. आणि माझी तुम्हाला अडचण होतेय असं वाटत होतं, ते वेगळंच. मी म्हटलं, अडचण नाही हे मला नीट बोलायला जमलं नाही. ते म्हणाले, "मलाही कुठे जमतं."

गाडी घाट चढायला लागली. नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे, नकाशाची गुंडाळी मांडीवर. समुद्र आरशात बारीक होत गेला. बाबांनी आरशात पाहिलं नाही, पुढे पाहत होते. घाटमाथ्यानंतर सपाट रस्ता लागला, शेतं, पेट्रोलपंप, मग टोलनाका. टोलनाक्यानंतर विजेच्या उंच मनोऱ्यांची रांग सुरू होते आणि पहिल्या मनोऱ्यापाशी रस्ता वळला की शहराच्या इमारती एकदम समोर येतात. गाडी वळली. बाबांनी हात वर केला.

"गीझर लाव," म्हणाले.

मी लगेच फोन काढून चिमणीला लावला. माणूस दमलाय, पोचल्यावर गरम पाणी हवं असणार. तिने उचलला, मी सांगितलं, आजोबा म्हणतात गीझर लाव. बाबा आसनातून मागे वळले.

"अगं, तिला कशाला त्रास? मी या मनोऱ्याचं नाव सांगितलं."

गाडीचा वेग उतरला. मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. मी नवऱ्याला म्हटलं, अरे, चालव की. तो दोन्ही हात सुकाणूवर घट्ट धरून बसला होता. ट्रक आम्हाला शिव्या देत पुढे निघून गेला. बाबा पुन्हा समोर बघायला लागले, पुढचं काय येतंय ते. विचारून उपयोग नव्हता. ते नाव त्या जागी पोचल्यावरच मिळणार होतं.

फोन अजून चालू होता. चिमणी ओरडत होती, आई, लावू की नको?

"लाव," मी म्हटलं. "आम्ही दिसायला लागलोय."